सहा पाचची पत्रिका

पांढुर्ण्याला आम्ही घड्याळ पाहत नसू, ऐकत असू. आमचं घर स्टेशनापासून दोन गल्ल्या आत. सकाळची नागपूरकडे जाणारी पॅसेंजर शिट्टी द्यायची आणि आई म्हणायची, सहा पाच झाले, उठा. दुपारची इटारसीकडची गेली की बाबा जेवायला यायचे. भिंतीवर एक किल्लीचं घड्याळ होतं, पण त्याचे काटेसुद्धा शिट्टी ऐकूनच जुळवले जायचे. गाडी आली म्हणजे तिची जी वेळ ठरलेली आहे ती वाजली, असा साधा हिशेब. गाडीला उशीर होतो हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. प्रवासाला निघालो की ते बरोबर माहीत असायचं. घरात बसलो की विसरायला व्हायचं.

त्या वर्षांची आठवण काढली की मला नेहमी माघातलीच सकाळ दिसते. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. जिनिंगमधून उडालेला कापूस हवेत तरंगत असायचा. विजेच्या तारांवर, बाभळींवर, उभ्या बैलांच्या पाठीवर तो येऊन बसायचा आणि सगळं गाव जरा पुसट दिसायचं. वारा सौसरकडून आला तर त्यात संत्र्याच्या फुलांचा वास असायचा. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, गणितात बी.एस्सी. होते, आणि दिवसभर अंगणातल्या बाजेवर पडून आकाशात आकडे मांडत होते. मला नोकरी नव्हती. लग्नाचं नाव नव्हतं, कारण आधी ताईचं व्हायचं होतं. राग मात्र नाकावर होता. कोणी म्हटलं की पोरीच्या जातीला एवढं गणित काय करायचं, तर मी त्याला तिथल्या तिथे एक उदाहरण सोडवायला द्यायची.

तशात मी टायपिंग शिकले त्या क्लासचे सर नागपूरहून कॉम्प्युटर घेऊन आले. कॉम्प्युटर म्हणजे एक काळा कळफलक, बस. एका वायरने त्याला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही जोडायचा, दुसऱ्या वायरने टेपरेकॉर्डर, आणि बाजूला कागद ओढणारा प्रिंटर. प्रोग्राम असायचा कॅसेटमध्ये, साध्या गाण्याच्या कॅसेटमध्ये. ती लावली की पाच मिनिटं किंचाळायची आणि मग टीव्हीच्या राखाडी पडद्यावर पांढरी अक्षरं उमटायची. पलीकडच्या खोलीत वीस टाइपरायटरांचा खडखडाट चाललेला असे. कॉम्प्युटरच्या खोलीत आल्यावर तो लांब कुठेतरी पडणाऱ्या पावसासारखा वाटायचा. कापूस आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद. त्या अर्ध्या उजेडात मी तासन्‌तास बसून राहायची. घरचे म्हणायचे, पोरगी झपाटली.

गावाला कॉम्प्युटरविषयी पुष्कळ मतं होती, आणि ती पानठेल्यावर फुकट मिळायची. एक म्हणे, "हे आलं म्हणजे बँकेतले सारे बाबू घरी बसतीन." दुसरा म्हणे, "त्याले रजा नाही लागत, पगार नाही लागत, चहाबी नाही लागत." एका म्हाताऱ्याची पक्की खात्री होती की टीव्हीवर दिसतं म्हणजे उत्तरं दिल्लीहून येत असणार. आम्ही त्याला खूप हसलो. आता माझा भाचा मोबाइल पुढे करून "मावशी, नेटवर आलं आहे" म्हणतो आणि पुढची चर्चा संपवतो, तेव्हा मला तो म्हातारा आठवतो. पडद्यावर उमटलं की ते कुठल्यातरी मोठ्या ठिकाणाहून आलं, ही समजूत त्याच्या एकट्याची नव्हती. फक्त ती बोलून दाखवायला तो लाजला नाही.

पांढुर्ण्यात कॉम्प्युटरनं करायचं काय, हा प्रश्न सरांनाही होता. त्यांनीच उत्तर काढलं, पत्रिका. गणित माझं आणि ज्योतिष गुरुजींचं. गुरुजी सत्तरीचे होते, जाम नदीच्या पलीकडे सावरगावला राहायचे. अर्ध्या गावाच्या पत्रिका त्यांच्या हातच्या होत्या, ताईची आणि माझीसुद्धा. मला वाटलं होतं, म्हातारा चिडेल. पण ते काखेत जुनी पंचांगं घेऊन रोज पूल ओलांडून येऊ लागले. चपला दाराबाहेर काढून, टीव्हीसमोर मांडी घालून बसायचे आणि मी विचारीन ते सांगायचे. कोणत्या वेळेला कोणती रास उगवते, म्हणजे लग्नरास कशी काढायची. तिथून घरं कशी मोजायची. मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या, बाराव्या घरात बसला तर पत्रिकेला मंगळ आहे म्हणायचं. मी ते सगळं ओळीओळीने लिहीत गेले. दर महिन्याचे ग्रह पंचांगातून बघून टाइप केले. मशीनच्या डोक्यात फार मावायचं नाही, म्हणून पाच-पाच वर्षांची एकेक कॅसेट केली. लोक येऊन विचारायचे, "बाई, आमची पोरगी कोणत्या कॅसेटमधी आहे?"

ते दोन महिने मी जमिनीवर चालत नव्हते. झोपेतही मला ओळी दिसायच्या, दहा, वीस, तीस असे नंबर लावलेल्या. ग्रह त्या ओळींमधून सावकाश सरकायचे. सकाळी उठून मी तोंड न धुता ते वहीत लिहून ठेवायची. कधी कधी ते बरोबरही निघायचं. वीज गेली की सगळं पुसलं जायचं आणि मी रडायची. मग गुरुजी म्हणायचे, "रडतं काय, माह्या तर डोक्यात आहे ना. पुन्हा सांगतो."

क्लासमध्ये टायपिंग शिकवणारी माझी एक मैत्रीण होती. तिचे वडील स्टेशनच्या केबिनमध्ये सिग्नल पाडायचे. ती दारात उभी राहून आमचा हा कारभार बघायची आणि हसायची. "आमच्यात पत्रिका पाहत नाही," ती म्हणे. "विहारात वंदना घेतली, दोघायनं हार घातले, झालं लगन. तुमच्या मंगळाले आमच्या मोहल्ल्यात कोणी ओळखतबी नाही." मी तिला म्हणायची की मला मंगळाशी काय करायचं, मला प्रोग्रामशी मतलब. आणि ते खरंही होतं. तो मंगळ कोणाच्या तरी घरात खरोखर जाऊन बसतो, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

आता ताईचं सांगते. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. बालवाडीत शिकवायची, कमी बोलायची. चार जण पाहून गेले होते आणि चारही ठिकाणांहून नकाराचं कार्ड आलं होतं. कुणाला उंची कमी वाटली, कुणाला वय जास्त. पाचवं स्थळ सौसरचं आलं. मुलगा बोरगावच्या प्राथमिक शाळेत मास्तर, घरी संत्र्याची बाग. बघायला आला तेव्हा त्याने स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, असलं काही विचारलं नाही. त्याने विचारलं, "बालवाडीतले पोरं रडतात तेव्हा काय करता?" ताई म्हणाली, "रडू देते." तो हसला. मग तीही हसली. एवढंच झालं. पण त्यानंतर ताई वेणी घालताना आरशासमोर थांबायला लागली, आणि एका संध्याकाळी विहिरीवर मला सरळ म्हणाली, "मले तो आवडला वं." ताईने स्वतःहून काही आवडल्याचं सांगितलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

गुरुजींनी काढलेली ताईची पत्रिका त्यांना दिलीच होती. तिच्यात मंगळ नव्हता आणि गुणही जुळत होते. मुलाच्या वडिलांनी तारीख काढायची तेवढी बाकी ठेवली होती. त्यांच्या कानावर आमच्या मशीनचं नाव गेलं आणि ते बाबांना म्हणाले, "हातची पत्रिका आहे, चांगली आहे. पण तुमच्या घरचीच पोरगी मशीन चालवून राहिली, तर एक मशीनचीबी देऊन द्या. हात कोणाच्याबी बाजूनं वळते. मशीन वळत नाही." बाबांना यात अपमान वाटला नाही, उलट कौतुकच वाटलं. मला तर आभाळ ठेंगणं झालं. ताईचं लग्न माझ्या प्रोग्रामने ठरणार होतं.

रविवारी सकाळी सगळे क्लासमध्ये जमले. मुलाचे वडील, बाबा, सर आणि गुरुजी. सरांनी अगरबत्ती लावली होती. मी कॅसेट लावली. ती पाच मिनिटं किंचाळत असताना सगळे देवळात बसल्यासारखे गप्प बसले. मग पडद्यावर एकेक प्रश्न आला. तारीख, महिना, वर्ष, तास, मिनिटं. बाबांच्या जुन्या वहीत आमच्या दोघींच्या जन्माच्या नोंदी होत्या. ताईच्या नावापुढे दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातली तारीख होती आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, सकाळी सहा वाजून पाच मिनिटं. मी ते टाकलं. त्या आकड्याकडे मी दुसऱ्यांदा बघितलंसुद्धा नाही. प्रिंटर करकरत कागद ओढायला लागला. रोमन अक्षरांत रास आली, नक्षत्र आलं. लग्नरास कन्या. शेवटच्या ओळीत मंगळ, बारावं घर, आणि पुढे, होय.

मुलाच्या वडिलांनी खिशातून हातची पत्रिका काढली. तिच्यात लग्नरास तूळ होती आणि मंगळ अकराव्या घरात. त्यांनी दोन्ही कागद गुडघ्यावर ठेवले आणि शांतपणे म्हणाले, "गुरुजी, तुमचं अन मशीनचं जमून नाही राहिलं."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. "कोणती टाइम टाकली, बाई?"

"सहा पाच. बाबांच्या वहीतली."

"ते तर गाडीची टाइम आहे," ते म्हणाले.

मला त्या वाक्याचा अर्थ कळला नाही, आणि कळून घ्यायचाही नव्हता. मला एवढंच ऐकू आलं की माझ्या दोन महिन्यांच्या कामाला चार माणसांसमोर कुणीतरी चूक म्हणतंय. कान तापले. मी म्हणाले, "गुरुजी, मशीन चुकत नाही."

ज्या माणसाने मला ओळ न ओळ सांगितली होती, वीज गेल्यावर पुन्हा पुन्हा सांगितली होती, त्याला मी हे म्हणाले. गुरुजींनी पंचांगं उचलून काखेत धरली. मुलाच्या वडिलांनी माझ्याकडे बघून मान हलवली. गावातल्या कुठल्याही मोठ्या माणसाने तोवर माझ्याकडे तशा आदराने बघितलं नव्हतं. आणि मला ते आवडलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ताईच्या पत्रिकेला मंगळ निघाला होता आणि मला त्या क्षणी बरं वाटत होतं.

त्यांनी कागद भोकांच्या रेघेवरून नीट फाडला, घडी घालून खिशात ठेवला आणि कळवतो म्हणाले. तिसऱ्या दिवशी कार्ड आलं, योग दिसत नाही. बाबा पुटपुटले की गुरुजींनी मंगळ लपवला असावा, आपल्या भल्यासाठीच लपवला असेल. ताईने कार्ड वाचलं, रेडिओच्या मागे ठेवलं आणि बालवाडीत गेली.

मैत्रिणीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती एकाच गोष्टीवर अडली. "सहा पाच? सहा पाचले ते गाडी कधी आली आहे वं?" मी म्हणाले, रोजच येते. तेव्हा ती मला हाताला धरून घरी घेऊन गेली. तिचे वडील ड्यूटीवरून आले होते, अंगणात दाढी करत बसले होते. त्यांनी मला ती गाडी सविस्तर सांगितली. "तवा कोळशाचं इंजिन होतं पोरी. दिवाळीच्या टायमाले धुकं राहे, घाट उतरता उतरता तिचा जीव जाये. अर्धा घंटा लेट आली तर आमी म्हणो, आज गाडी टायमावर आहे."

मी घरी आले आणि आईला विचारलं, ताई झाली त्या सकाळी नेमकं काय काय झालं होतं. आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "गाडीची शिट्टी झाली अन हे रडली. ऊन उंबऱ्यावर आलं होतं. सुईण म्हणे, दार लोटा, पोरीच्या डोळ्यावर येऊन राहिलं."

"ऊन आलं होतं? मग सहा पाच कसे असतील? दिवाळीत सहा पाचला सूर्यही उगवलेला नसतो."

"तुह्या बाबानं लिहिलं ते. शिट्टी झाली, त्यायनं सहा पाच लिहिलं."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"मले कोणी विचारलं काय?" आई म्हणाली, आणि पुन्हा तांदळाकडे वळली. मग म्हणाली, "गुरुजीनं विचारलं होतं. बारशाच्या दिवशी."

मी दुसऱ्या दिवशी सावरगावला गेले. पुलाखाली जाम नदीत पाणी फार नव्हतं, दगड उघडे पडले होते. गुरुजी ओट्यावर उन्हात बसले होते. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "ये." मी विचारलं की तुम्ही मला सगळे नियम सांगितले, मग हे का नाही सांगितलं. ते म्हणाले, "तू नियम विचारले, मी नियम सांगितले. हे काही नियम नाही बाई, हे बोलणं आहे. या गावात ज्याले विचारावं तो गाडीची टाइम सांगते. मग मी बायायले विचारतो, ऊन कुठवर होतं, ढोरं सुटले होते काय, चूल पेटली होती काय. त्यातून टाइम काढतो." पन्नास वर्षं ते असं करत आले होते. अर्धं गाव गाडीवर जन्मलं होतं, आणि एकेका बाळंतिणीला विचारून गुरुजींनी त्यांना आपापल्या वेळेवर आणून बसवलं होतं. माझा प्रोग्राम फक्त तास आणि मिनिटं विचारायचा.

"मग त्या दिवशी तुम्ही बोलला का नाही?"

"तू म्हणाली, मशीन चुकत नाही. त्यावर मी बोललो असतो तर लोक म्हणाले असते, म्हातारा जळून राहिला. अन तुले तुह्याच मशीनपुढं खोटं पाडून मले काय भेटणार होतं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या दुपारी क्लासमध्ये कुणी नव्हतं. मी कॅसेट लावली आणि ताईची तारीख टाकली. सहा पाच. कन्या, मंगळ बारावा. मग सहा दहा टाकले, मग सहा पंधरा. तेच. बाहेर कापूस उडत होता, खिडकीच्या काचेला येऊन चिकटत होता, आणि मी पाच-पाच मिनिटांनी माझ्या बहिणीला पुन्हा पुन्हा जन्माला घालत होते. सहा वीसला पडद्यावर तूळ आली आणि मंगळ बाराव्या घरातून अकराव्यात गेला. आवाजसुद्धा झाला नाही. मी सहा पस्तीस टाकून ती पत्रिका छापली. माझ्या प्रोग्रामात एकही चूक नव्हती, हे तेव्हाही मनात येऊन गेलं, आणि मला माझीच चीड आली.

घरी कुणाला न सांगता मी बसने सौसरला गेले. त्यांच्या बागेत एकीकडची झाडं फळांनी वाकली होती आणि दुसरीकडची फुलांवर होती. वासाने डोकं जड व्हावं इतकी. मुलाचे वडील बाजेवर बसले होते. मुलगाही घरी होता. त्याने मला पाणी आणून दिलं आणि दाराशी उभा राहिला. मी कागद पुढे केला. गाडीचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं, गुरुजी खरे होते हे सांगितलं. मुलाच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. नंतर पहिला कागद मागवला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

"पोरी, मशीन चुकत नाही, हे तूच म्हणाली होती," ते म्हणाले.

"मशीन बरोबरच आहे. मी वेळ चुकीची टाकली."

"तेच तर म्हणून राहिलो. टाकणारी तू. परवा एक टाकली, आज दुसरी टाकली. बहिणीसाठी कोणीबी टाकन, मी तुले दोष नाही देत." खरंच देत नव्हते. त्यांनी घरात आवाज देऊन पिशवीभर संत्री भरायला सांगितली आणि बस चुकेल म्हणून मला उठवलं.

मुलगा पिशवी घेऊन माझ्याबरोबर स्टँडपर्यंत आला. दहा-बारा मिनिटांचा रस्ता. प्रत्येक पावलाला मला वाटत होतं, आता हा काहीतरी विचारेल. ताई कशी आहे, एवढं तरी. रस्त्यात त्याच्या शाळेतली दोन पोरं भेटली, त्यांच्याशी तो छान बोलला. मी बसमध्ये चढले तेव्हा त्याने खिडकीतून पिशवी आत दिली आणि म्हणाला, "सीट भेटली ना?" मी हो म्हणाले. बस सुटली.

पत्रिकेचा प्रोग्राम मी पुढे चालवला नाही. सरांनी दुसऱ्या कुणाला तरी शिकवला, आणि लोक वर्षभर रांगा लावून सहा पाचच्या पत्रिका घेऊन गेले. मी नागपूरला नोकरीला लागले, जन्मभर प्रोग्रामच लिहिले. कुणी माझ्या कामाला चूक म्हटलं की अजूनही कान तापतात, पण मी आधी विचारते की आकडा आणला कुठून. ताईचं लग्न दोन वर्षांनी मुलताई गावाकडे झालं, पत्रिका न बघता. माणूस भला होता. तिला मी दुःखी म्हणणार नाही. पण आरशासमोर थांबलेली ताई मला पुन्हा दिसली नाही.

सौसरहून परतले त्या संध्याकाळी ती मागच्या दारी भांडी घासत होती. पिशवी बघूनच तिला कळलं मी कुठे गेले होते ते. मी तिच्याजवळ उकिडवी बसले आणि सगळं सांगून टाकलं. गाडी, ऊन, गुरुजी, दोन कागद. तिने मधे मधे राख घेतली, भांडं विसळलं, पालथं घातलं.

"तो घरी होता काय?" तिने विचारलं.

"होता. स्टँडवर सोडायला आला होता."

"काय म्हणाला?"

"सीट भेटली ना, म्हणाला."

ताईने तांब्या घेतला, त्याला राख लावली. मग म्हणाली, "मंगळाचं जाऊ दे. त्याले बोलता येत होतं. मंगळानं त्याचं तोंड नव्हतं धरून ठेवलं."

मला एकदम हलकं वाटलं. वाटलं, सुटले मी. "हो ना," मी म्हणाले.

"तुहंबी नव्हतं धरलं," ताई म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, हातातल्या तांब्याकडे बघत होती. "त्या दिवशी तिथं माह्यासाठी बोलू शके असं माणूस तूच एक होती. अन तू बोललीबी. पण मशीनसाठी बोलली."

एवढं सांगून तिने भांडी उचलली आणि आत जाऊन भात चढवला. ताईने पुन्हा कधी तो विषय काढला नाही.